गोळी आधी, बंदूक मागाहून

1904 साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला आणि या गावाचं पुढचं शतक त्या मागाच्या खडखडाटानं ठरवलं. त्याच साली दूर बंगालमध्ये, हुगळीकाठच्या ईशापूरला, कंपनी सरकारच्या वेळेपासून बंदुकीची दारू बनवणाऱ्या जागेवर रायफलींचं काम सुरू झालं. साल एकच असणं हा योगायोग. पण यंत्र विकत आणता येतं, ते सुट्या भागांवाचून बंद पडू नये याची सोय मात्र आपल्याच आवारात असावी लागते, हे इचलकरंजीच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. सैन्याच्या रायफलीचंही तसंच आहे. तिथे रोज लागणारा, रोज संपणारा भाग म्हणजे काडतूस. स्वतंत्र भारतानं कोणत्याही लष्करी गटात सामील व्हायचं नाही असं ठरवलं, तेव्हा त्या धोरणाची खरी परीक्षा जवानाच्या कमरेच्या पाऊचमध्ये होती. त्यात कुणाचं काडतूस असणार, आणि ते कुठे बनणार?

आपल्या रायफलींचा इतिहास सांगताना लोक बंदुकांची नावं एकापुढे एक मांडतात: थ्री नॉट थ्री, एसएलआर, इन्सास, एके. मला तो काडतुसांच्या बाजूने जास्त नीट कळतो. काडतूस बदललं की बंदूक बदलते. बंदूक बदलली म्हणून काडतूस बदलत नाही.

इंग्रजांना हे आपल्याआधी कळलं होतं, तेही कटू पद्धतीने. एन्फिल्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून 1857 साली काय झालं ते सर्वांना माहीत आहे. उत्तरेकडची ती आग आपल्या दारापर्यंत आली होती. 31 जुलै 1857 च्या रात्री कोल्हापुरात 27व्या नेटिव्ह इन्फंट्रीच्या शिपायांनी उठाव केला. तो मोडून काढल्यावर छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवलं गेलं. यानंतर राज्यकर्त्यांनी एक दंडक घालून घेतला. देशी शिपायाच्या हाती गोऱ्या सोल्जरपेक्षा एक पिढी जुनं हत्यार द्यायचं. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा आपल्या पलटणींकडे स्नायडर होती. गोऱ्यांकडे .303 ची ली-मेटफर्ड आली तेव्हा आपल्याकडे मार्टिनी पोचली. तोफाही, डोंगरी बॅटऱ्या वगळता, काढून घेतल्या.

या धोरणाची किंमत 1914 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मोजावी लागली. हिंदी फौजेच्या दोन डिव्हिजन फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरल्या. जवान आपापल्या रायफली घेऊन आले होते, पण त्या रायफलींच्या माशा जुन्या, बोथट टोकाच्या गोळीसाठी आखलेल्या होत्या. फ्रान्समधल्या ब्रिटिश सैन्याकडे तोवर 1910 सालची टोकदार, हलकी आणि जास्त वेगवान गोळी होती. जुनी गोळी सुमारे 14 ग्रॅमची, नवी सव्वाअकरा ग्रॅमची. नवी नळीतून सुटताना सेकंदाला साधारण 740 मीटर वेगाने जाते, त्यामुळे तिची वाट जास्त सपाट. जुन्या माशीतून नेम धरून नवी गोळी झाडली तर पल्ला चुकणारच. म्हणून बंदरातच रायफली बदलून देण्यात आल्या. ज्या बंदुकीवर माणूस वर्षानुवर्षं हात बसवतो ती उतरवून ठेवून, अनोळखी देशात, अनोळखी थंडीच्या तोंडावर, दुसरी बंदूक घेऊन लगेच आघाडीवर जायचं. एका गोळीच्या आकारासाठी.

त्या रायफलीचं पूर्ण नाव शॉर्ट मॅगझिन ली-एन्फिल्ड, नंबर वन मार्क थ्री. नळीचा आतला व्यास इंचाच्या 303 सहस्रांश, म्हणून थ्री नॉट थ्री. मेट्रिकमध्ये 7.7 मिलिमीटर. वजन चार किलोच्या आसपास, मॅगझिनमध्ये दहा काडतुसं, प्रत्येक गोळीनंतर उजव्या हाताने बोल्ट वर उचलून मागे ओढायचा आणि पुढे ढकलायचा. सरावलेला शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार सहज काढी. दुसऱ्या महायुद्धात खुद्द ब्रिटननं नवं मॉडेल घेतलं, तरी ईशापूरनं हीच जुनी रायफल घडवत ठेवली.

हिचं काडतूस जरा बारकाईने पाहण्यासारखं आहे. पितळी नळकांडं, तोंडाशी निमुळतं होत गेलेलं, आणि बुडाला बाहेर आलेली गोल कड. मॅगझिनमध्ये भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे असावी लागते. उलटं झालं तर बोल्ट पुढे ढकलताना दोन्ही कडा एकमेकींत अडकतात आणि ऐन वेळी बंदूक मुकी होते. बुडाच्या मधोमध टोपी, म्हणजे चाप ओढल्यावर जिच्यावर पिन आदळते ती. टोपीभोवती ठोकलेली अक्षरं असतात. जगभरचे संग्राहक ज्या अक्षरांवरून भारतीय काडतूस ओळखतात ती म्हणजे के आणि एफ, शेजारी सालाचे आकडे. के एफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपल्या पुण्याच्या खडकीचा दारूगोळा कारखाना, 1869 साली सुरू झालेला. ईशापूरची रायफल आणि खडकीचं काडतूस ही जोडी स्वातंत्र्याच्या दिवशी भारताला वारशात मिळाली. जगाच्या मानाने जुनी, पण दोन्ही आपल्या भूमीवर बनणारी. नव्यानं स्वतंत्र झालेल्या फार थोड्या देशांकडे एवढं होतं.

इथे स्वित्झर्लंडकडे एक नजर टाकली पाहिजे, कारण तटस्थ देशाची रायफल म्हटलं की तोच डोळ्यांपुढे येतो. तिथे सैनिक आपली रायफल घरी ठेवतो. त्या देशानं 1911 साली साडेसात मिलिमीटरचं स्वतःचं काडतूस पक्कं केलं आणि ते एका हट्टानं सांभाळलं. 1911 ची रायफल गेली, 1931 ची आखूड रायफल आली, 1957 साली न्यूहाउझनच्या सिग कंपनीनं बनवलेली स्वयंचलित रायफल आली. काडतूस तेच. शेजारी दोन महायुद्धं लढले, नाटो स्थापन झाली, वॉर्सा करार झाला, तरी स्विस जवान कुणाच्याच मापाची गोळी वापरत नव्हता. 1990 च्या रायफलीबरोबर त्यांनीही अखेर 5.56 मिलिमीटरचं माप घेतलं. भारताला असा हट्ट परवडणारा नव्हता. स्विस तटस्थतेमागे पिढ्यान्‌पिढ्यांचं यंत्रकौशल्य होतं. आपलं अलिप्ततेचं धोरण रिकाम्या तिजोरीवर उभं होतं, आणि दोन्ही गटांकडून जे चांगलं मिळेल ते घेणं हा त्या धोरणाचाच भाग होता.

1950 च्या दशकात जगाची काडतुसं दोन छावण्यांत वाटली गेली. नाटोनं 1954 साली 7.62 मिलिमीटर व्यासाचं, 51 मिलिमीटर लांब नळकांड्याचं काडतूस घेतलं. सोव्हिएत बाजूकडे व्यास तोच, पण नळकांडं 39 मिलिमीटरचं. पहिलं लांबवर जोरात मारणारं. दुसरं हलकं, धक्का कमी देणारं, आणि म्हणून स्वयंचलित एकेसाठी सोयीचं. कानाला दोन्ही ‘सात बासष्ट’ असली तरी एकाचं काडतूस दुसऱ्याच्या बंदुकीत चालत नाही. भारतानं थ्री नॉट थ्रीनंतर पहिलं माप निवडायचं ठरवलं, पण काम सावकाश चाललं होतं.

मग 1962 आलं. नामका चू नदीकाठी 7व्या ब्रिगेडचे जवान उन्हाळी कपड्यांत, जवळ पाऊचमधली पन्नासेक काडतुसं आणि हातात बोल्टची थ्री नॉट थ्री घेऊन उभे होते. समोरच्या चिनी सैनिकांकडे सोव्हिएत नमुन्याच्या स्वयंभरित आणि स्वयंचलित रायफली होत्या. पराभवाला रायफल एकटी जबाबदार नव्हती. रस्ते, थंडीचे कपडे, नेतृत्व, सगळंच अपुरं पडलं. थ्री नॉट थ्री ही वाईट बंदूक होती असंही मी म्हणणार नाही. पण पन्नास काडतुसांवर माणसं उभी करणं हा गुन्हा होता, आणि त्यापुढे बंदुकीचं वय ही दुय्यम गोष्ट ठरते.

त्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असं तेव्हा महाराष्ट्रात घरोघरी म्हणत. देवराष्ट्र्याच्या या माणसाच्या चार वर्षांच्या कारकिर्दीत शस्त्रनिर्मितीनं जो वेग घेतला, त्याच्या खुणा आपल्याच राज्यात आहेत. नाशिकजवळ ओझरला सोव्हिएत मिग विमानांचा कारखाना आला. जळगाव जिल्ह्यात वरणगावला लहान शस्त्रांच्या काडतुसांचा कारखाना उभा राहिला. विमान मॉस्कोच्या छावणीचं आणि रायफलीची गोळी नाटोच्या मापाची, असं एकाच मंत्रालयात एकाच वेळी चाललं होतं. त्याला धरसोड म्हणणारे तेव्हाही होते. मला ती धरसोड वाटत नाही. ज्याला कुणाचा मिंधा व्हायचं नाही, त्यानं सगळी अंडी एका टोपलीत कशाला ठेवायची?

नवी रायफल बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या एफएएल या नमुन्यावरून घेतली. आपल्या तंत्रज्ञांनी या बंदुकीच्या निरनिराळ्या देशांतल्या आवृत्त्या खोलून, मोजून, स्वतःची रेखाटनं केली. सैन्याच्या कागदावर ती वन ए वन, आणि गावोगावच्या माजी सैनिकांच्या तोंडी एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. गोळी नळीतून पुढे जात असताना मागच्या तप्त वायूचा थोडा भाग नळीवरच्या छिद्रातून वर जातो आणि दट्ट्या मागे ढकलतो. बोल्ट उघडतो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे आणते आणि येताना नवं काडतूस नळीत सरकवते. शिपायानं फक्त चाप ओढायचा. वीस काडतुसांचं मॅगझिन, लांबी मीटरहून अधिक, वजन सव्वाचार किलोच्या पुढे. आधी ईशापूर आणि नंतर तिरुचिरापल्ली अशा दोन कारखान्यांनी मिळून तिच्या दहा लाखांहून जास्त प्रती बनवल्या.

हिच्यातली एक बारीकशी गोष्ट मला फार आवडते. ब्रिटिश एसएलआरपेक्षा आपल्या वन ए वनचा दस्ता वेगळा आहे. त्याच्या टोकाला पितळी पट्टी आहे ती जुन्या थ्री नॉट थ्रीची. पट्टीत झाकण, झाकणामागे पोकळी, पोकळीत तेलाची कुपी आणि पुलथ्रू, म्हणजे टोकाला चिंधी अडकवून नळीतून ओढायची दोरी. नळी साफ करायची ती सवय पलटणीच्या हाडांत मुरलेली होती. नवी बंदूक आणताना कुणीतरी तिचा मान ठेवला.

एसएलआर पुरेशा बनेपर्यंत काय करायचं, या प्रश्नाचं उत्तरही ईशापूरनं सुरेख काढलं. थ्री नॉट थ्रीचंच शरीर जास्त ताकदीच्या पोलादाचं केलं, नळी नव्या काडतुसाची बसवली, मॅगझिन दहाऐवजी बारा काडतुसांचं केलं. या टू ए रायफलीचा जन्म 1962 नंतरच्या घाईतला. दोन हजारांपर्यंत आखलेली माशी पुढच्या टू ए वनमध्ये आठशे मीटरवर आणली, कारण त्यापलीकडे रायफलीनं नेम धरण्यात अर्थ नव्हता. शरीर जुनं, पण काडतूस नवं. त्यामुळे एसएलआरवाला आणि बोल्टवाला एकाच पेटीतून काडतुसं घेऊ शकत होते. पुरवठ्याच्या दृष्टीने देशानं घेतलेला हा सगळ्यात शहाणा निर्णय.

1971 साली हेच 7.62 मापाचं काडतूस पूर्वेकडच्या लढाईत गेलं. जमालपूरच्या वेढ्यात आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या असं पत्र पाठवलं, तेव्हा पाकिस्तानच्या 31 बलुचच्या कर्नल सुलतान अहमद यांनी नकाराच्या उत्तरात एक गोळी गुंडाळून पाठवली. दुसऱ्या रात्री बलुच पलटण वेढा फोडून बाहेर पडू पाहत होती. वाटेत 1 मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे आपली जंगी पलटण, खंदकांत बसलेली होती. अंधारातल्या त्या झुंजीत मराठ्यांनी जागा सोडली नाही. सैनिक टाकळीसारखी गावं आणि बेळगावचं रेजिमेंटल सेंटर यांच्यामुळे इचलकरंजीच्या पंचक्रोशीत ही पलटण परकी वाटत नाही.

1987 ते 1990 या काळात श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेला एसएलआरची दुसरी बाजू दिसली. दाट झाडीत, शंभर पावलांच्या आत, समोरून एके चालत असताना मीटरभर लांबीची, एकेक गोळी झाडणारी बंदूक जड जाते. काश्मीर आणि पंजाबातही तीच अडचण. तातडीची गरज म्हणून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व युरोपातून एके आणल्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर सैन्यात 39 मिलिमीटरचं काडतूसही आलं.

तोवर पुण्यात पाषाणच्या शस्त्र संशोधन आणि विकास संस्थेत स्वदेशी रायफलीचं काम सुरू होतं. या वेळीही आधी काडतूस ठरलं: नाटोचं नवं, 5.56 बाय 45. हेतू साधा. एसएलआरचं एक काडतूस सुमारे 24 ग्रॅमचं, हे त्याच्या निम्म्या वजनाचं. तितक्याच ओझ्यात दुप्पट बार. या बंदुकीचं नाव इन्सास. आतलं बोल्टचं यंत्र एकेच्या वळणाचं, वायूचं नियंत्रण एफएएलसारखं, बोल्ट ओढण्याची मूठ डाव्या बाजूला जर्मन जी-3 सारखी, आणि अर्धपारदर्शक मॅगझिन, बाहेरूनच किती गोळ्या उरल्या ते दिसावं म्हणून. 1998 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती देशानं पाहिली, आणि पुढच्याच वर्षी ती कारगिलच्या कड्यांवर होती.

तिथे तिची दुखणी उघडी पडली. कडाक्याच्या थंडीत प्लॅस्टिकच्या मॅगझिनांना तडे गेले. तीन गोळ्यांवर थांबणारा नियंत्रक कधीकधी थांबलाच नाही. आतल्या तेलाचे शिंतोडे डोळ्यांवर येत. पुढे 2005 साली नेपाळच्या सैन्यानंही तक्रार केली, आणि नक्षलवादी भागांतल्या केंद्रीय दलांनी इन्सास सोडून एके मागितली. तक्रारी खऱ्या होत्या. तरी इन्सासला नालायक ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. कल्पनेपासून सैन्याच्या हाती जाईपर्यंत तिला दशकाहून जास्त लागलं. ती हाती आली तेव्हाही तिच्या काडतुसांचं देशी उत्पादन पुरेसं नव्हतं, इस्रायलमधून काडतुसं आणावी लागली. वरणगावसारख्या कारखान्यांत ती पुरेशी बनू लागेपर्यंत बंदुकीची बदनामी पसरून गेली होती. बंदूक आणि गोळी यांचं वेळापत्रक एकत्र आखलं असतं तर इन्सासच्या चुका आधी, सरावाच्या मैदानावर सापडल्या असत्या. हा दोष रेखाटणाऱ्या हातांचा कमी आणि आखणी करणाऱ्यांचा जास्त.

सैन्य पुढे गेलं, पण पोलीस ठाण्यांत थ्री नॉट थ्री राहिली. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांच्या एकेसमोर आपले काही पोलीस बोल्टची रायफल घेऊन होते. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात केवळ लाठी होती. कसाबच्या एकेची नळी त्यांनी हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि ती सोडली नाही. जावळी खोऱ्यातल्या केडंबे गावच्या या सहायक फौजदाराला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. या प्रकरणात शौर्याचा उल्लेख टाळता येत नाही. पण ज्या व्यवस्थेनं त्यांना लाठी देऊन पाठवलं, तिनं त्या शौर्यामागे लपू नये. उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला निरोप दिला तो 2020 च्या प्रजासत्ताक दिनी.

सैन्यात पुन्हा गोळीचा वाद पेटला. 5.56 ची गोळी शत्रूला जखमी करते, पण अतिरेक्याशी गाठ असताना एका बारात थांबवणारी गोळी हवी, असं मत बळावलं. दोन मापांच्या नळ्या बदलता येणारी रायफल परदेशातून घेण्याची निविदा निघाली आणि 2015 मध्ये रद्द झाली. 2019 च्या फेब्रुवारीत 72,400 सिग 716 रायफलींचा करार झाला, काडतूस पुन्हा 7.62 बाय 51. या अमेरिकेत बनतात, पण नावातलं सिग न्यूहाउझनचं. 1957 ची स्विस रायफल घडवणाऱ्या त्या घराण्याचं. त्यानंतरच्या महिन्यात, 3 मार्च 2019 ला, अमेठीजवळ कोरव्याला भारत-रशियाच्या संयुक्त रायफल कारखान्याचं उद्घाटन झालं. तिथली एके-203, काडतूस 7.62 बाय 39. डिसेंबर 2021 मध्ये सहा लाखांहून जास्त एके-203 चा करार झाला. दोनच महिन्यांनी रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं आणि कामाला उशीर लागला.

अमेरिकी आणि रशियन रायफल एकाच सैन्यात, एकाच काळात. जगात हे फार कमी देशांना जमेल, आणि अलिप्ततेचं हे फळ आहे असं मी अभिमानानं म्हणतो. पण त्याची दुसरी बाजूही डोळ्यांआड करता येत नाही. आज पायदळासाठी तीन मापांची काडतुसं एकाच वेळी साठवावी, वाहावी, मोजावी लागतात. 1960 च्या दशकात टू ए आणि एसएलआर यांना एका पेटीत बसवणारी ती दूरदृष्टी इथे दिसत नाही. कोरव्यात रायफलीचे भाग जसजसे देशी होत जातील तसतशी 39 मिलिमीटरच्या काडतुसाची देशी आवकही त्याच गतीने वाढली पाहिजे. नाहीतर इन्सासच्या वेळी झालं तेच पुन्हा होईल.

पाषाणचं काम थांबलेलं नाही. 8 जानेवारी 2024 ला तिथे उग्रम ही रायफल दाखवण्यात आली. हैदराबादच्या एका खासगी कंपनीबरोबर बनवलेली, चार किलोहून हलकी, 7.62 बाय 51 मापाची. जवळच्या लढाईसाठी पाषाणच्याच रेखाटनांवरची एक कार्बाइनही आहे. सैन्याला अशा सव्वाचार लाख कार्बाइन हव्या होत्या, आणि त्या निविदेत 2025 साली पुण्याच्या भारत फोर्जची बोली सर्वांत कमी ठरली. इन्सास हळूहळू जवानाच्या खांद्यावरून उतरते आहे, पण या कार्बाइनचं काडतूस तिचंच आहे, 5.56 बाय 45.